श्वासाकडून किती मागावं?

‘मोठा श्वास घ्या’ हा सल्ला आपल्याकडे फुकट मिळतो आणि पावलोपावली मिळतो. दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत मिळतो, दहावीच्या पेपरला वर्गात शिरताना मिळतो, मुलाखतीला निघालेल्या मुलाला जिन्यात गाठून आई तोच देते. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण इतकी वर्षं फॅमिली डॉक्टर म्हणून दवाखाना चालवल्यावर माझं मत असं झालंय, की घाबरलेल्या माणसाला द्यायच्या सल्ल्यांमध्ये याचा नंबर बराच खाली लागतो. ही पुस्तिका लिहायला घेतली त्याचं हे एक कारण. दुसरं असं, की श्वासाकडे लक्ष द्यायला शिकून ज्यांना खरोखर बरं वाटलं अशी माणसंही मी पाहिली आहेत. त्यांना मोठा श्वास घ्यायला कोणी सांगितलं नव्हतं.

विशीतली एक मुलगी. आई आणि शेजारच्या काकू तिला रिक्षात घालून घेऊन आल्या. ओठांभोवती मुंग्या, डोकं हलकं, छातीवर दडपण. दोन्ही हातांची बोटं आखडून एकमेकांना चिकटलेली, अंगठे तळव्यात ओढले गेलेले. “मी मरतेय का?” एवढंच ती विचारत होती. आई पाठीवरून हात फिरवत एकच घोशा लावून होती, “मोठा श्वास घे बाळा, अजून मोठा घे.” बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर आकडा ९९. छाती तपासली, स्वच्छ. ईसीजी काढला, ठोके जलद यापलीकडे त्यात काही नव्हतं. सकाळीच कॉलेजचा निकाल लागला, हे काकूंनी हळूच कानात सांगितलं.

तिला प्राणवायू मुळीच कमी पडत नव्हता. ती गरजेपेक्षा फार जास्त श्वास घेत होती आणि त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकला जात होता. हा वायू म्हणजे नुसता कचरा, अशी शाळेपासूनची आपली समजूत. पण रक्तातलं आम्लाचं प्रमाण त्याच्यावर अवलंबून असतं, आणि पुढचा श्वास कधी घ्यायचा हे मेंदू मुख्यतः त्याच्याच पातळीवरून ठरवतो. तो फार कमी झाला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि गरगरतं. रक्तातलं कामाचं कॅल्शियम घटतं, त्यामुळे मुंग्या येतात, बोटं आखडतात. त्या मुंग्यांनी माणूस आणखी घाबरतो आणि आणखी जोरात श्वास घेतो. आईचा सल्ला या चक्राला हात देत होता.

मी स्टूल ओढून तिच्यासमोर बसले. “घेऊ नकोस, नुसता सोड. ओठांचा चंबू कर आणि हळू सोड. घ्यायचा तो आपोआप येईल.” तिच्याबरोबर मीही सोडत राहिले. थोड्या वेळानं अंगठे सैल झाले, मग बोटं. रडू आलं, ते चांगलं लक्षण. हे सगळं झाल्यावर आईनं विचारलं, “म्हणजे इंजेक्शन नाही देणार?” इंजेक्शन न देता फी घेतल्याबद्दल ती माऊली माझ्यावर अजून नाराज असावी.

फुप्फुसांचा हिशेब इथेच एकदा मांडते, म्हणजे पुढच्या प्रकरणांत पुन्हा यावं लागणार नाही. शांत बसलेला प्रौढ माणूस एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा घेतो. त्यातली सुमारे १५० मिलिलिटर हवा नाक, घसा आणि श्वासनलिकांमध्येच राहते. जिथे रक्ताशी देवाणघेवाण होते त्या वायुकोशांपर्यंत ती पोचतच नाही. आता मिनिटाला १५ श्वास, प्रत्येकी ५०० मिलिलिटर, असे घेतले तर एकूण साडेसात लिटर हवा आत जाते. मिनिटाला ३० उथळ श्वास, प्रत्येकी २५० मिलिलिटर, घेतले तरी बेरीज तीच, साडेसात. पण पहिल्या माणसाच्या वायुकोशांना सव्वापाच लिटर मिळते आणि दुसऱ्याच्या तीनच. दिवसभर खुर्चीत पोक काढून, पट्टा आवळून, मोबाइलवर मान घालून आपण जे उथळ श्वास घेतो, त्यात मेहनत दुप्पट आणि पदरात कमी. शरीर ही तूट आपली आपण भरून काढत असतं. साधारण पाच मिनिटांनी एकदा आपल्याही नकळत एक दुपटीचा श्वास येतो आणि मिटत चाललेले वायुकोश पुन्हा उघडतो. घरात कोणी उसासा टाकला की आजी रागावायची, अवदसा येते म्हणायची. आजीच्या बाकीच्या बऱ्याच गोष्टी बरोबर होत्या, ही नव्हती.

मिनिटाला १५ हा आकडा आपल्या पूर्वजांनाही ठाऊक होता. हठयोगाच्या ग्रंथांत दिवसरात्रीचे श्वास २१,६०० सांगितले आहेत. मिनिटांनी भागा, १५ येतात. आता हे कोणी रात्रभर जागून मोजले, असं मला वाटत नाही. जुन्या ज्योतिषगणितात कालमापनाचं एक लहान एकक ‘प्राण’ होतं: सहा प्राणांचं एक पळ, साठ पळांची घटी, साठ घटींचा अहोरात्र. गुणाकार करा, तेच २१,६००. म्हणजे निरोगी माणसाचा स्वस्थ बसलेला श्वास चार सेकंदांचा धरून त्यांनी त्यावर दिवसाचं माप बसवलं होतं. आजच्या वैद्यकाच्या पुस्तकात मिनिटाला १२ ते २० ही कक्षा दिलेली असते. १५ तिच्यात आरामात बसतो.

श्वासालाच एवढं महत्त्व का? हृदयाला ‘जरा हळू’ म्हणून सांगता येत नाही. यकृत, आतडी, रक्तदाब यांच्यावर आपला हुकूम चालत नाही. श्वास मात्र झोपेतही आपला आपण चालतो, आणि जागेपणी वाटलं तर आपल्याला तो धरता-सोडताही येतो. आतल्या कारभारात जिथे आपला हात पोचतो अशी ही जवळपास एकच जागा आहे. विश्वास बसत नसेल तर आत्ताच मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी पाहा. श्वास आत येताना ठोके किंचित जवळ-जवळ पडतात, बाहेर जाताना लांबतात. तरुणांमध्ये हे जास्त स्पष्ट कळतं, वयानुसार पुसट होत जातं. जर्मन शरीरशास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी १८४७ मध्ये याची नोंद केली होती. श्वास सोडताना मेंदूतून निघणारी व्हेगस नावाची लांब नस हृदयाला लगाम घालते आणि घेताना तो ढिला पडतो. म्हणून शांत व्हायचं असेल तर सोडण्याची बाजू महत्त्वाची. आत घ्यायला जेवढा वेळ लागला त्याच्या दीडपट-दुप्पट वेळ सोडायला द्या, इतकंच. छाती फुगवून खांदे वर नेण्यानं फोटो चांगला येईल, नाडी उतरणार नाही.

इटलीतल्या पाविया इथल्या लुचानो बर्नार्दी यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेला एक अभ्यास २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला, तो मला फार आवडतो. त्यांनी २३ निरोगी माणसांना लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना म्हणायला लावली आणि ‘ॐ मणि पद्मे हूं’ हा तिबेटी बौद्धांचा मंत्रही म्हणायला लावला. दोन्हींत श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास उतरली. रक्तदाबात दर दहा सेकंदांनी एक स्वाभाविक लाट येत असते. मिनिटाला सहा श्वास म्हणजे नेमके दहा-दहा सेकंदांचे, त्यामुळे दोन्ही लाटा एकमेकींत मिसळल्या. दोन धर्म, दोन भाषा, हजारो मैलांचं अंतर, आणि म्हणायची लय एकच. संध्याकाळी हरिपाठ म्हणणारी माणसं उठताना जास्त स्वस्थ का दिसतात, याचं निदान एक कारण तरी यात असावं. ओवी म्हणायची तर श्वास लांबवून सोडावाच लागतो. भक्तीचा भाग मी यात धरत नाही, तो ज्याचा त्याचा.

आपल्याकडे श्वासाशी वागायच्या दोन रीती चालत आल्या. पहिली त्याला वळण लावायची: संध्येच्या वेळी नाक धरणं, पतंजलींची प्राणायामावरची मोजकी सूत्रं, मग हठयोगातले कुंभक आणि बंध. ही रीत जबरदस्त आहे आणि तिच्या जाणकारांनी तिचे धोकेही लपवले नाहीत. ‘हठप्रदीपिका’ स्पष्ट बजावते की प्राणायाम चुकीचा केला तर उचकी, खोकला, दमा, डोकेदुखी, कान-डोळ्यांचं दुखणं पाठीशी लागतं, आणि सिंह-हत्ती माणसाळवावेत तसा श्वास धीरानं वश करावा. टीव्हीवर पाहून पहाटे पाच वाजता सोसायटीच्या गच्चीत सपासप श्वास फेकणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.

या रीतीची पहिली शास्त्रशुद्ध तपासणी महाराष्ट्रातच झाली. स्वामी कुवलयानंद, पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिकही. योगाच्या क्रियांचे एक्स-रे काढणारा, पोटातले दाब मोजणारा हा माणूस शंभर वर्षांपूर्वीचा आहे, हे आजही आश्चर्याचं वाटतं. प्राणायामात प्राणवायू जास्त मिळतो ही तेव्हाही सर्रास सांगितली जाणारी गोष्ट. कुवलयानंदांनी तो प्रत्यक्ष मोजला आणि छापून टाकलं, की जास्त मिळत नाही. प्राणायामाची खरी किंमत मज्जासंस्थेवरच्या परिणामात आहे. योगाचा प्रचार करायला निघालेल्या माणसानं स्वतःच्या बाजूची सर्वांत लोकप्रिय जाहिरात खोटी ठरवली. हा प्रामाणिकपणा नंतरच्या शिबिरवाल्यांनी फारसा उचलला नाही. ‘भरपूर ऑक्सिजन मिळतो’ हे वाक्य अजून तसंच चालू आहे.

दुसरी रीत श्वासाला हात न लावण्याची. तो जसा आहे तसा पाहायचा: लांब असेल तर लांब, आखूड असेल तर आखूड. पाली वाङ्मयात ‘मज्झिम निकाया’तलं ‘आनापानसति सुत्त’ याच विषयावर आहे. ही विद्या आधुनिक काळात ज्या हातांतून आली ते हात पाहण्यासारखे आहेत. ब्रह्मदेशात लेडी सयाडॉ या भिक्षूंनी ती गृहस्थांसाठी खुली केली. त्यांच्याकडून ती सया तेजी या शेतकऱ्याकडे गेली. शेतकऱ्याकडून १९३७ मध्ये सयाजी ऊ बा खिन या सरकारी हिशेबखात्यातल्या माणसाकडे. हे ऊ बा खिन पुढे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल झाले आणि त्यांनी आपल्या कचेरीतच, ताळेबंद लिहिणाऱ्या कर्मचाऱ्यांना, हे शिकवलं. १९५५ मध्ये त्यांच्याकडे अर्धशिशीनं बेजार झालेला एक मारवाडी व्यापारी आला, सत्यनारायण गोएंका. गोएंका १९६९ मध्ये भारतात आले. १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरं भरू लागली, तिथून हे मराठी घरांत पोचलं. दहा दिवसांच्या त्या शिबिरात पहिले तीन दिवस नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास पाहण्यापलीकडे काही शिकवत नाहीत. शेतकरी, हिशेबनीस, व्यापारी: तिघांनाही धंदा-नोकरी, बायका-मुलं होती. श्वास पाहायला संसार सोडावा लागतो, या समजुतीला एवढं उत्तर पुरे. १९७९ मध्ये अमेरिकेत वूस्टरच्या वैद्यकीय विद्यापीठात जॉन कबाट-झिन यांनी याच बीजावर आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम बेतला. त्यांच्याकडे पाठवले जाणारे रुग्ण जुनाट दुखण्यांचे होते, डॉक्टरांनी हात टेकलेले. आज ‘माइंडफुलनेस’ म्हणून जे विकलं जातं त्याची सुरुवात अशी रुग्णालयात झाली, हे विसरायला नको.

या पुस्तिकेत मी दुसऱ्या रीतीच्या बाजूनं झुकले आहे. पहिलीतून घेतलं आहे ते फक्त लांबवून सोडणं, तेही अडीअडचणीला. कुंभक, भस्त्रिका, नाड्यांची अदलाबदल यांतलं काही इथे नाही. ते समोर बसून शिकायचं काम आहे.

पाहायला बसल्यावर काय होतं? आधी तर श्वास बिघडतो. लक्ष आहे हे कळलं की तो अवघडतो, मोठा होतो, मध्येच अडखळतो. त्याला तसं करू द्यावं. मग वरच्या ओठावर, नाकपुडीच्या कडेला, आत येणारी हवा किंचित गार लागते आणि जाणारी कोमट. एका नाकपुडीतून जास्त येते, दुसरीतून कमी. काही तासांनी पाळी बदलते. श्वास सोडून झाल्यावर पुढचा यायच्या आत एक थांबा असतो, कोणी न सांगता घेतलेला. एवढं दिसेस्तोवर मन निघून गेलेलं असतं: गॅसचा नंबर लावायचा राहिला, वहिनी त्या दिवशी तसं का म्हणाली, हप्त्याची तारीख. गेलं हे लक्षात आलं की पुन्हा ओठावर यायचं. बहुतेक लोक इथेच ‘मला नाही जमत’ म्हणून उठतात. मन रिकामं होणं हे यश आणि भटकणं हे अपयश, असं त्यांना कोणीतरी सांगून ठेवलेलं असतं. वास्तविक परत येणं हाच सगळा व्यायाम आहे. जो शंभरदा भटकला आणि शंभरदा परतला त्याचा व्यायाम जास्त झाला.

वेळेबद्दल माझा थोडा हट्ट आहे. ‘पहाटे उठून, स्वच्छ हवेशीर जागी, चटईवर’ ही पुस्तकी शिफारस वाचली की मला दीड खोलीत राहणाऱ्या माझ्या पेशंट बायका आठवतात. पाचला पाणी येतं, सहाला डबे, सातला मुलांची व्हॅन. हवेशीर जागा म्हणजे गॅलरी, तिथे कपडे वाळत असतात. त्यांना मी सांगते की वेगळा वेळ काढूच नका. कुकरचं प्रेशर चढेपर्यंत ओट्याशी उभ्याच राहा आणि श्वास पाहा. बाईकवाल्याला सिग्नल आहे. बँकेत सर्व्हर डाउन होतो तो तर दैवी प्रसादच. फोन वाजला की तिसऱ्या रिंगेपर्यंत उचलू नका. संध्याकाळी घराची बेल दाबण्याआधी चपला काढता-काढता तीन श्वास सोडा. ऑफिसचा राग मुलांवर निघतो तो बहुधा या दारातूनच आत जातो. अशा फटी दिवसात भरपूर असतात. आपण त्या मोबाइलनं बुजवल्या आहेत, एवढंच.

पण सराव बऱ्या दिवशी करायचा. आग लागल्यावर विहीर खणायला घेऊ नये, हे जुनं शहाणपण इथे शब्दशः लागू आहे. भांडण पेटल्यावर प्रथमच श्वास आठवला तर तो हाताला लागत नाही.

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे. श्वास पाहण्यानं काय होतं, तर डिवचलं जाणं आणि उलटून बोलणं यांच्यामध्ये थोडी जागा होते. मला तेवढं पुष्कळ वाटतं. पण त्याच्या जोरावर जे दावे बाजारात चालतात ते पाहून लाज वाटते. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या आठ हजारांहून अधिक मुलांवर एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. शिक्षकांना शिकवून वर्गात सगळ्यांना सरसकट माइंडफुलनेसचे तास दिले, आणि नेहमीच्या शिकवण्यापेक्षा मुलांच्या मनःस्वास्थ्यात फरक दिसला नाही. बऱ्याच मुलांनी घरी सरावच केला नाही. मला यात नवल वाटलं नाही. वेळापत्रकात घालून शांती वाटता येत नाही, आणि ज्याला नको त्याच्या गळ्यात तर नाहीच नाही.

कंपन्यांची शिबिरं हा तर वेगळाच प्रकार. दुपारी सभागृहात सगळ्यांना डोळे मिटायला लावायचं आणि रात्री अकराला फोन करून ‘सकाळपर्यंत शीट पाठव’ म्हणायचं. तिथे कर्मचाऱ्याचा श्वास सुधारण्याआधी साहेबाचं घड्याळ सुधारायला हवं. सासरी मार खाणाऱ्या बाईला, सहा महिने पगार थकलेल्या वॉचमनला ‘श्वासाकडे लक्ष दे’ सांगणं ही क्रूर थट्टा आहे. चुलीच्या धुरात किंवा बांधकामाच्या धुळीत जगणाऱ्याला आधी हवा द्यावी.

दम लागतो म्हणून येणाऱ्या कितीतरी बायकांचं हिमोग्लोबिन सात-आठ निघतं. त्यांना लोहाच्या गोळ्या लागतात, ध्यान नव्हे. छातीत धडधडतं त्यामागे कधी थायरॉइड असतो. रक्तदाबाच्या, दम्याच्या, मनाच्या आजाराच्या गोळ्या ‘आता मी प्राणायाम करतो’ म्हणून बंद करणारे पेशंट दर पावसाळ्यात माझ्याकडे येतात, तेही फार उशिरा. मन काळवंडून गेलंय, झोप उडालीय, जगणं नकोसं वाटतंय असं दोन आठवड्यांवर चाललं असेल तर मनोविकारतज्ज्ञाकडे जावं. त्यात कमीपणा काही नाही. आणखी एक गोष्ट शिबिरांत क्वचित सांगतात. ज्यांना पूर्वी मोठा धक्का बसला आहे किंवा भीतीचे झटके येतात, त्यांतल्या काहींना श्वासाकडे पाहिलं की घाबरायला जास्त होतं. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत आणि लक्ष तळपायांवर न्यावं, फरशीचा गारवा, चपलेची कड. तेही नको वाटलं तर थांबावं. इथे चिकाटीला बक्षीस नाही.

पुढची प्रकरणं कोणत्याही क्रमानं वाचली तरी चालतील. पहिलं झोपेवर आहे, कारण तक्रारी सर्वांत जास्त तिच्याच. चौथं रुग्णाची सेवा करणाऱ्या घरच्या माणसांसाठी लिहिलं आहे, आणि माझ्या मते तेच सर्वांत उपयोगी उतरलं आहे. मुलांवरचं प्रकरण मुद्दाम छोटं ठेवलं आहे. मुलांना आई-बापांनी आधी स्वतः करून दाखवावं.

शेवटी डॉक्टर म्हणून एक विनंती. छातीत आवळल्यासारखं दुखत असेल, कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, दरदरून घाम सुटला असेल, ओठ निळसर पडले असतील, दम्याच्या पेशंटला एक वाक्य सलग बोलता येत नसेल, किंवा तोंड अचानक वाकडं झालं असेल, तर ही पुस्तिका उघडू नका आणि श्वास मोजत बसू नका. १०८ ला फोन लावा.